मुलीचं टायमिंग वर्षभर अडकलंय, पुण्याला हलवावं का? (सांगली, वय १४, ब्रेस्टस्ट्रोक)

विश्रामबागची_आई

नमस्कार. मुलगी नववीत आहे, वय १४. लहानपणी उन्हाळी शिबिराला घातलं तिथनंच पोहण्याची गोडी लागली. १०० आणि २०० ब्रेस्टस्ट्रोक हे तिचे इव्हेंट. आत्तापर्यंत जिल्ह्याला कायम मेडल, विभागीयला पण, आणि प्रत्येक स्पर्धेला टायमिंग थोडं तरी खाली यायचं. यंदा सगळं थांबलंय. सकाळ-संध्याकाळ टँकवर जाते, सर पण जीव तोडून शिकवतात, पण टायमिंग जागचं हलत नाही, उलट स्टेटला पुण्यात बालेवाडीला गेलो तर इथल्यापेक्षा तीन सेकंद जास्तच लागले आणि फायनल पण हुकली. तिच्या मागं असायची ती मुलगी आता पुढं गेलीय, त्याचं तिला फार लागलंय.

मिस्टर रोज टँकच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभे असतात, वहीत तारखेसकट सगळं लिहिलेलं असतं, जेवताना पण तोच विषय. त्यांचं म्हणणं आता पुण्याच्या ॲकॅडमीत घालूया, हॉस्टेलला ठेवूया, इथं राहून काही होणार नाही. शाळेतल्या मॅडम म्हणतात पुढच्या वर्षी दहावी, आता पोहणं बंद करा. सासूबाईंचं वेगळंच, मुलगी काळवंडली, खांदे रुंद झाले.

आणि पोरगी? स्पर्धेच्या आदल्या रात्री हमखास पोट दुखतं म्हणते. पहाटे साडेचारला उठवताना रडकुंडीला येते, आधी स्वतः अलार्म लावून उठायची. सेट अर्धा झाला की पाय जड झाले म्हणते. पाळी मागच्या वर्षी सुरू झालीय, जास्त जाते. जेवण पण कमी केलंय, कॉस्च्यूममध्ये जाड दिसते म्हणाली परवा. पण पोहणं सोडायचं का विचारलं तर नाही म्हणते, ठामपणे.

पुण्याला हलवावं, इथंच ठेवावं का दहावीपुरतं थांबवावं? ज्यांची मुलं यातनं गेलीत त्यांनी जरूर सांगा.

कृष्णाकाठ

ताई, मी पोरांना पोहायला शिकवतो, त्यामुळं आधी आकड्यांचं बोलतो, कारण तुमच्या घरात निम्मं टेन्शन त्या वहीनं आणलंय असं मला वाटतं.

तुमचा रोजचा टँक २५ मीटरचा असणार, बालेवाडीचा ५० चा. १०० मीटरला २५ च्या टँकमध्ये तीन टर्न होतात, ५० मध्ये एकच. २०० ला इथं सात आणि तिथं तीन. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय मारून जो धक्का मिळतो तो पोहण्याच्या स्पीडपेक्षा जास्त असतो, आणि ब्रेस्टस्ट्रोकला तर पाण्याखाली हाताचा एक पूर्ण पुल (ओढ) आणि किक मारायला परवानगी आहे, म्हणजे या स्ट्रोकच्या पोरांचा टर्नवर चांगलाच फायदा होतो. त्यामुळं बालेवाडीला १०० ला दोन-तीन सेकंद जास्त लागणं ही काही अधोगती नाही, ते तिचंच टायमिंग आहे, फक्त टँक वेगळा. साहेबांना सांगा वहीत दोन रकाने करा, २५ चं वेगळं आणि ५० चं वेगळं, आणि या दोन रकान्यांची आपसात तुलना करायचीच नाही. मागच्या वर्षी बालेवाडीला किती लागले होते आणि यंदा किती, एवढंच बघा.

दुसरं म्हणजे गट. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. १४ मधनं पोर १७ मध्ये गेली की एकदम तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या मुलींबरोबर उतरते. टायमिंग तेच असतं, नंबर मात्र तिसऱ्यावरनं अकरावा येतो. आईवडील नंबर बघतात आणि घाबरतात. पोहण्याच्या फेडरेशनच्या स्पर्धांचे गट परत वेगळे, त्यामुळं एकाच वर्षात एका स्पर्धेत ती गटातली मोठी असते आणि दुसऱ्या स्पर्धेत लहान. हे पोरीला पण समजावून सांगा, बऱ्याच पोरांना हे कुणी सांगतच नाही.

तिसरं, ती मागची मुलगी पुढं गेली ते. त्या मुलीची उंची यंदा वाढली का बघा. मुलींची उंची साधारण ११-१२ च्या आसपास सगळ्यात जोरात वाढते, काहींची लवकर, काहींची उशिरा. जी लवकर वाढते ती १२ व्या वर्षी सगळ्यांना हरवते, मग बाकीच्या तिला गाठतात. अंग बदललं की पाण्यातला तोल पण बदलतो. आधीच्या अंगाला बसलेला स्ट्रोक नव्या अंगाला परत बसवावा लागतो, आणि ब्रेस्टस्ट्रोकला हे जास्तच जाणवतं कारण सगळा खेळ हात आणि पायाच्या टायमिंगवर आहे. किक जरा लवकर आली तरी ब्रेक लागतो. या काळात मी पोरांना मीटर वाढवून देत नाही, टेक्निक घेतो, किकबोर्ड बाजूला ठेवून हात पुढं ताणून किक घ्यायला लावतो, ग्लाइड मोजायला लावतो. एका लांबीत किती स्ट्रोक लागले ते मोजा म्हणावं. टायमिंग तेच असून स्ट्रोक कमी झाले असतील तर पोर सुधारलीय, घड्याळ मागनं येईल.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं का तेवढं विचारा. ब्रेस्टस्ट्रोकवाल्या पोरांना ते होतं, आणि पोरं लपवतात. दुखत असेल तर किक बंद, फिजिओकडं जा.

तासगावकर

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझा मुलगा दहावीनंतर पुण्याला गेला आणि तो निर्णय आमच्यासाठी योग्य ठरला. आपल्याकडं ५० मीटरवर रोज सराव मिळत नाही, बरोबरीची पोरं कमी, आपलाच पोरगा लेनमध्ये कायम पुढं, मग ढकलणार कोण. पलीकडच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता, २०१० ला ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये ५० बटरफ्लायला ब्राँझ, १९८६ ला खजान सिंगनं सिल्व्हर आणलं त्यानंतर पोहण्यातलं देशाचं ते पहिलं मेडल. पण तो सरावाला बेंगळुरूला गेला होता. कोल्हापुरातच राहिला असता तर झालं असतं का?

तरी पण ताई, तुमच्या केसमध्ये मी आत्ता हलवा म्हणणार नाही. आमचा मुलगा गेला तेव्हा त्यानं स्वतः हट्ट धरला होता, तब्येत ठणठणीत होती, आणि दहावी झालेली होती. तुमची मुलगी आत्ता दमलेली आहे, जेवत नाही. दमलेल्या पोराला घरापासनं सव्वादोनशे किलोमीटर लांब हॉस्टेलवर ठेवलं तर ती दमली हे कळणार पण नाही कुणाला. आणि खर्चाचं स्पष्ट बोलून घ्या घरात. फी, हॉस्टेल, मेस, स्पर्धेचा प्रवास, आणि तो रेसचा महागडा टेक सूट, तो तर थोड्याच स्पर्धांत सैल पडतो. या वयात साधा चांगला कॉस्च्यूम घट्ट बसला तरी पुरतो. आम्ही टेक सूट फक्त नॅशनलला घेतला.

पोरगी टँकवर जायच्या आधी काही खाते का? आमच्या घरचे बेदाणे आणि एक केळं, एवढं तरी पोटात हवं. उपाशी पोटी चार किलोमीटर मारायचे म्हणजे पाय जड होणारच की.

हरिपूर_रोड

दहावी आयुष्यात एकदाच येते. एक वर्ष पोहणं बंद ठेवा, नंतर काय पळून जात नाही. आणि सुट्टीत टँक बंद असला की नदी आहेच, आमची सगळी पिढी कृष्णेतच शिकली, आयर्विन पुलाच्या खाली.

कृष्णाकाठ

@हरिपूर_रोड दादा, नदीचं प्रेम मलाही आहे, मी पण घाटावरच शिकलो. पण आता औदुंबर, भिलवडीपासनं खाली हरिपूरपर्यंत मगरी दिसतात, आणि पावसाळ्यात पाणी कधी चढेल नेम नाही, २०१९ आणि २०२१ आपण सगळ्यांनी बघितलंय. एकट्या पोरीला सरावासाठी नदीत पाठवू नये, कृपा करून कुणी हा सल्ला देऊ नका.

आणि वर्षभर पूर्ण बंद ठेवलं तर परत येणाऱ्या मुली फार कमी. पाण्याचा फील जातो, मैत्रिणी पुढं जातात, लाज वाटते, मग पोर येतच नाही. दहावीला कमी करा, तोडू नका. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यात आणि त्यानंतर होतात, त्या उरकल्या की डिसेंबरपासनं आठवड्याला तीन वेळा, पाऊण तास, फक्त अंग पाण्यात राहण्यापुरतं. परीक्षा संपली की परत सुरू. खेळाचे ग्रेस गुण पण असतात, पात्रता आणि कुठली कागदपत्रं लागतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा आणि प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जातोय का ते स्वतः बघा, शाळेवर सोडून देऊ नका. सर्टिफिकेटं सगळी जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धांनाच आणि सर्टिफिकेटची पडताळणी होते. त्यामुळं कुठल्याही क्लबच्या आमंत्रित स्पर्धेचं मेडल घेऊन भागत नाही.

मिरज_डॉक्टरीण

आई, टायमिंगचं बाजूला ठेवा, मला तुमच्या पोस्टमधल्या चार ओळी वाचून काळजी वाटली. पाळी जास्त जाते. पाय जड होतात. जेवण कमी केलंय. जाड दिसते म्हणते. हे चारी एकत्र आले की पहिलं काम पुणं नाही, रक्त तपासणी. हिमोग्लोबिन करून घ्या आणि त्याबरोबर फेरिटिन पण सांगा. फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेलं लोह. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना पण साठा रिकामा असू शकतो आणि दम लागणं, पाय भरून येणं, चिडचिड हे सगळं त्यातनं होतं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. खेळणाऱ्या मुलींमध्ये हे फार दिसतं आणि घरचे समजतात आळशी झाली.

खाण्याचं. खेळाडू मुलीनं जेवढी ताकद खर्च केली तेवढं अन्न पोटात गेलं नाही तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री पाळीवर आणि हाडांवर पडते. पाळी तीन महिने आली नाही तर 'पोहणाऱ्या मुलींचं असंच असतं' म्हणून सोडू नका, दाखवा. याच वयात हाडं भरायची असतात. वजनकाटा टँकवर नको, घरात पण नको, आणि कुणी, सरांनी, आजीनं, कुणीही तिच्या अंगावरनं बोलायचं नाही. रुंद खांदे म्हणजे तिच्या मेहनतीचे स्नायू आहेत, हे तिच्यासमोर आजीला सांगा. पहाटे निघताना केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. पाण्यातनं बाहेर आली की अर्ध्या-एक तासात नीट नाष्टा, नुसता चहा-बिस्कीट नाही. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर मटकीची उसळ, थालीपीठ-दही, दूध. दुपारच्या डब्यात भाकरी किंवा पोळी, भाजी आणि डाळ, वरनं लिंबू पिळून. प्रोटीन पावडरची गरज नाही. उलट त्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं असतंच असं नाही, आणि डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, वय लहान असलं तरी. साध्या खोकल्याच्या औषधाचं पण जपा. आपल्याकडं मिळणाऱ्या काही कफ सिरपमध्ये टर्ब्युटलिन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. डॉक्टरकडं गेलात की पहिलं वाक्य 'ही स्पर्धेत उतरते' हे असू दे.

झोप. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. साडेचारला उठायचं तर साडेआठला डोळे मिटले पाहिजेत, आणि तुमच्या मुलीची ट्यूशनच बहुतेक तेव्हा सुटत असेल. हे गणित बसतच नाही, त्यामुळं ती चिडते. आठवड्यातल्या दोन पहाटा तरी काढून टाका. सर तयार नसतील तर मला आश्चर्य वाटेल, बरेच सर स्वतःच हो म्हणतात.

आदल्या रात्रीचं पोटदुखीचं पण आधी तपासून घ्या, नाटक म्हणू नका. भीतीनं खरोखरच पोट दुखतं.

बॅकस्ट्रोक_सातारा

काकू, मी आता कॉलेजला आहे, साताऱ्यातनं पोहायचे, स्टेट बऱ्याच वेळा खेळले. मुलीच्या बाजूनं बोलते.

पाण्यात असताना कडेला कोण उभं आहे ते दिसतं. टर्न मारून श्वास घ्यायला तोंड वर आलं की बाबांचा चेहरा दिसतो आणि त्या चेहऱ्यावरनंच कळतं किती लागले ते. मग पुढचे २५ मीटर आपण स्ट्रोक मारत नसतो, तो चेहरा बदलायचा प्रयत्न करत असतो. अंग आखडतं, आणि आखडलं की टायमिंग अजून जातं. काकांचं प्रेमच आहे ते, रोज पहाटे उठून सोडायला येतात म्हणजे किती आहे ते कळतं तिला. फक्त स्टॉपवॉच सरांकडं देऊ दे. सोडायचं, तास झाला की न्यायला यायचं. बघायचंच असेल तर लांब बसून चहा प्यावा. रेस झाल्यावर ती सरांकडं जाईल, काय चुकलं ते सर सांगतील. घरच्यांनी फक्त टॉवेल द्यायचा आणि 'भूक लागली का' विचारायचं. गाडीत परत येताना ती स्वतः बोलली तर बोला, नाही बोलली तर गाणी लावा. मला आठवतंय, कोल्हापूरहून परत येताना रेसचा विषय कुणी काढला नाही की आतनं मोकळं वाटायचं आणि मग मीच सगळं सांगून टाकायचे.

पाळीचं. पॅड पाण्यात चालत नाही, त्यामुळं लहान मुली त्या दिवसांत घाबरून दांड्या मारतात आणि सरांना कारण सांगता येत नाही, सर ओरडतात, आणि गैरसमज वाढतो. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरता येतो, वयानं लहान असली तरी चालतं, लहान साइजचा कप मिळतो. पण घाई नको, तिला बाथरूममध्ये निवांत शिकू दे, पहिल्यांदा रेसच्या दिवशी अजिबात नको. टॅम्पॉन ठरल्या वेळी बदलायचा, जास्तीत जास्त आठ तास. आणि सरांना तुम्ही एकदाच सांगून ठेवा की महिन्यातनं एखादा दिवस ती हलका सराव करेल, कारण विचारायचं नाही.

अजून एक, हे पुण्याला जायचं ठरलं तरी आणि इथं राहिली तरी. ॲकॅडमी बघताना टाइल्स आणि ट्रॉफ्या बघू नका. आईवडिलांना सराव बघायला बसू देतात का, मुलींच्या हॉस्टेलला बाई वॉर्डन रात्री खरंच तिथं राहते का, चेंजिंग रूममध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे का, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर बाई असते का, हे विचारा. सरांनी एकट्या मुलीला रात्री मेसेज करायचे नाहीत, जे काय असेल ते ग्रुपवर किंवा आईला. स्ट्रोक दुरुस्त करताना हात लावायची वेळ आली तर सर आधी विचारतात, सगळ्यांसमोर करतात. माझे सर तसेच होते म्हणून मला चांगलं कसं असतं ते माहिती आहे. मुलीला सांगून ठेवा की काही विचित्र वाटलं तर सांग, तुझं पोहणं आम्ही बंद करणार नाही. बंद होईल या भीतीनंच मुली गप्प बसतात. स्पर्धेतले वयोगट इथं विसरा, १८ च्या आतल्या प्रत्येक मुलाला पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून मुलांच्या संरक्षणाचा) कायदा लागू आहे, आणि १०९८ ही हेल्पलाइन मुलं स्वतः पण लावू शकतात.

तासगावकर

सातारच्या ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. वॉर्डनचा मुद्दा आम्ही मुलगा म्हणून विचारलाच नव्हता, पण मुलांच्या आईवडिलांनी पण विचारायला पाहिजे, मुलांना पण हे सगळं लागू आहे.

साजन प्रकाशचं पण कुणीतरी ताईंच्या मिस्टरांना वाचून दाखवा. २०२१ ला रोममध्ये २०० बटरफ्लायला १:५६.३८ मारून ऑलिंपिकचा 'ए' कट, म्हणजे थेट प्रवेशाचं टायमिंग, गाठणारा पहिला भारतीय, तेव्हा वय २७. चौदाव्या वर्षी कुणाचा काही निकाल लागत नसतो.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सविस्तर लिहील वाटलं नव्हतं. मिस्टरांना पूर्ण धागा वाचायला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वही काढून २५ आणि ५० वेगळं करत बसले. बालेवाडीचं मागच्या वर्षीचं आणि यंदाचं धरलं तर ती सव्वा सेकंदानं कमीच आलीय, हे आम्हाला दोघांनाही माहितीच नव्हतं. तिला सांगितलं तर आधी विश्वासच ठेवेना, परत परत वही बघत होती. स्टॉपवॉच सरांकडं दिलंय.

रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन पण खूप कमी. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मंगळवार आणि शुक्रवार पहाटेचा सराव सरांनी लगेच बंद केला, डॉक्टरीण म्हणाल्या तसंच झालं. पुण्याचं दहावीनंतर बघू, तेव्हा तिला स्वतःला जायचं असेल तर. मॅडमना पण जाऊन भेटले, डिसेंबरपर्यंत चालू ठेवायला त्या तयार झाल्या.

आता शंका एवढीच, पुढच्या महिन्यात जिल्हास्तर आहे, उतरवू का नको? आणि गोळी दुधाबरोबर दिली तर चालते का, तिला नुसती घेतली की मळमळतं.

मिरज_डॉक्टरीण

दुधाबरोबर नको, चहाबरोबर पण नको, दोन्हीनं लोह नीट शोषलं जात नाही. चहा-दूध आणि गोळी यात दोन तास तरी अंतर ठेवा. लिंबू सरबत किंवा संत्र्याबरोबर द्या, मळमळत असेल तर थोडं खाल्ल्यावर द्या. तरीही त्रास झाला तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, एक दिवसाआड पण देतात, पण स्वतःहून बंद करू नका. शौचाला काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला पुढं काही महिने गोळी चालू ठेवावी लागते, बहुतेक लोक इथंच सोडतात. आणि पाळी जास्त जाते त्याचं कारण स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, नाहीतर एकीकडनं भरायचं आणि दुसरीकडनं गळायचं.

९.८ वर जोरात रेस नको असं माझं मत, पण तिला तपासलेले डॉक्टर सांगतील ते अंतिम.

कृष्णाकाठ

डॉक्टरांनी परवानगी दिली तरच, आणि एकच इव्हेंट. १०० ठेवा, २०० ची एंट्री काढा. परवानगी नाही मिळाली तर आत्ताच सरांना आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांना कळवा, म्हणजे एंट्री जाण्याआधी नाव काढता येईल. त्या दिवशी मैत्रिणींच्या रेस बघायला मात्र तिला टँकवर येऊ द्या, यायचं असेल तर.